अमेरिकेतलं मुलींचं कॉलेज सॉकर आणि व्यावसायिक फुटबॉलची वाट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांमधल्या बऱ्याच मुली आज क्लबकडून सॉकर खेळतात. मुलगी आठवी-नववीत गेली की पालकांचे प्रश्न सुरू होतात, आणि आता पुण्या-मुंबईहूनही विचारणा होते. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत या खेळाचे कागदावरचे नियम इतके बदलले की आधीच्या मुलींच्या पालकांचा सल्ला आज जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत. ‘सॉकर’ आणि ‘फुटबॉल’ हे शब्द इथे एकाच खेळासाठी वापरले आहेत. हेल्मेट घालून खेळतात त्याला ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हटलं आहे.

कॉलेज सॉकर म्हणजे आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेसारखंच का?

नावापुरतं. आपल्याकडे स्पर्धेच्या तोंडावर निवड चाचणी होते, काही दिवसांचं शिबिर लागतं आणि स्पर्धा आटोपली की संघ पांगतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात मुलींच्या संघाला पूर्णवेळ पगारी मुख्य प्रशिक्षक असतो. त्याच्या हाताखाली दोन-तीन सहप्रशिक्षक, गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक, फिजिओ, आणि मुलींच्या अभ्यासावर लक्ष ठेवणारे सल्लागारही असतात. मैदान स्वतःचं, सामने टीव्हीवर. एनसीएए ही या सगळ्याची नियामक संस्था. तिच्या पहिल्या श्रेणीतच, म्हणजे डिव्हिजन १ मध्ये, साडेतीनशेच्या आसपास विद्यापीठांचे मुलींचे सॉकर संघ आहेत. सीझन चालू असताना सराव आणि सामने मिळून आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. प्रवास, मालिश, स्वतःहून केलेला व्यायाम त्यात धरत नाहीत, त्यामुळे मुलीचा खरा वेळ त्याहून बराच जास्त जातो. पालकांनी हे आधीच गृहीत धरावं.

जगात इतरत्र फुटबॉल क्लबमध्ये घडतो. अमेरिकेत तो कॉलेजात का गेला?

याचं मूळ एका कायद्यात आहे. २३ जून १९७२ रोजी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो तिथे लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं तो सांगतो. मूळ मजकुरात खेळाचा उल्लेखही नाही. पण कॉलेजातले खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला गेला, आणि मुलांच्या संघांवर खर्च करणाऱ्या विद्यापीठांना मुलींसाठीही संघ उभे करावे लागले.

इथे एक गणित आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एकेका संघात शंभराच्या आसपास मुलगे असतात. तितक्या जागा मुलींना द्यायच्या तर मोठा संघ लागणारा आणि बेताच्या खर्चाचा खेळ हवा. सॉकर त्यात चपखल बसला: एक मैदान, एक चेंडू आणि पंचवीस-तीस मुली. म्हणून डिव्हिजन १ मध्ये मुलांचे सॉकर संघ दोनशेच्या आसपास आहेत आणि मुलींचे त्याहून कितीतरी अधिक. जगात असं चित्र क्वचितच दिसेल.

त्या काळात इंग्लंड, जर्मनी, ब्राझील इथे बायकांच्या फुटबॉलवर अनेक वर्षं अधिकृत बंदी होती किंवा ती नुकतीच उठत होती. त्याच काळात अमेरिकेत हजारो मुली फी माफ होऊन, चांगल्या मैदानांवर, पगारी प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळत होत्या. १९९१ मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. तो अमेरिकेने जिंकला, तो याच कॉलेजच्या मुलींच्या जोरावर. १९९९ ची अंतिम लढत पाहायला पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये ९०,१८५ प्रेक्षक आले होते. तो सामनाही अमेरिकेने चीनविरुद्ध पेनल्टींवर जिंकला. एखाद्या कायद्यातून एवढा मोठा खेळ उभा राहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

नॉर्थ कॅरोलायनाचं नाव सारखं का येतं?

मुलींची पहिली एनसीएए सॉकर स्पर्धा १९८२ मध्ये झाली आणि ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली. तेव्हापासून २०२४ पर्यंत त्यांनी ती २२ वेळा जिंकली आहे. अ‍ॅन्सन डोरन्स यांनी १९७९ ते २०२४ तिथे मुलींच्या संघाला प्रशिक्षण दिलं, आणि १९९१ चा विश्वचषक जिंकणाऱ्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकही तेच होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी, डेमन नेहस यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने वेक फॉरेस्टला १-० हरवून पुन्हा विजेतेपद मिळवलं. मिया हॅम, क्रिस्टीन लिली, टोबिन हीथ, क्रिस्टल डन तिथल्याच. इंग्लंडच्या लुसी ब्राँझ, अलेसिया रुसो आणि लॉटे वुबेन-मॉय यासुद्धा तिथे शिकून-खेळून गेल्या.

पण नावाच्या मागे धावू नका. पोर्टलंड विद्यापीठ हे ऑरेगनमधलं लहानसं कॅथलिक विद्यापीठ. त्यांच्याकडे अमेरिकन फुटबॉलचा संघ नाही. तरी २००२ आणि २००५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. क्रिस्टीन सिंक्लेअर तिथे खेळली, मेगन रॅपिनो तिथे खेळली. सिंक्लेअरने पुढे कॅनडासाठी १९० आंतरराष्ट्रीय गोल केले. पुरुष असो वा स्त्री, देशासाठी इतके गोल करणारं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

डिव्हिजन १, २ आणि ३ यांत फरक काय?

पैसा, प्रवास आणि वेळ यांचा. डिव्हिजन १ मध्ये तिन्ही सर्वाधिक. डिव्हिजन २ मध्ये खेळासाठी अंशतः स्कॉलरशिप मिळते. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच, पण गुणवत्ता किंवा कौटुंबिक उत्पन्न पाहून मिळणारी मदत कधीकधी खेळाच्या स्कॉलरशिपपेक्षा मोठी निघते. हार्वर्ड-प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची विद्यापीठं डिव्हिजन १ मध्ये असूनही खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आहे, आणि दोन वर्षांच्या कॉलेजांसाठी एनजेसीएए. व्यावसायिक खेळाडू बहुतांशी डिव्हिजन १ मधूनच येतात.

सीझन कसा असतो?

ऑगस्टच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. एवढ्यात अठरा-वीस सामने, बरेचदा गुरुवारी एक आणि रविवारी एक. त्यातून ६४ संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातात आणि शेवटचे चार ‘कॉलेज कप’ खेळतात. एक मुलगी चार सीझन खेळू शकते. दुखापतीमुळे किंवा संघात जागा नसल्यामुळे एखादं वर्ष राखून ठेवता येतं.

खेळाडू बदलण्याचे नियम फिफापेक्षा सैल आहेत. बाहेर गेलेली खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा मैदानात येऊ शकते. त्यामुळे प्रशिक्षक ताज्या दमाच्या मुली सतत आत पाठवतात आणि खेळ वेगवान, धसमुसळा होतो. नव्वद मिनिटं डोकं शांत ठेवून सामन्याची लय कधी वाढवायची, कधी कमी करायची, हे शिकायला तिथे कमी मिळतं. युरोपातले प्रशिक्षक कॉलेजच्या खेळाला नावं ठेवतात ती मुख्यतः याच कारणासाठी, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

आणखी एक गोष्ट २०२४ पासून जाणवू लागली आहे. टीव्हीच्या पैशासाठी विद्यापीठांनी आपापल्या लीग बदलल्या. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातली विद्यापीठं आता अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी या लीगमध्ये आहेत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या मुलींचे लीगमधले प्रतिस्पर्धी न्यू जर्सीपर्यंत पसरले आहेत. हे निर्णय अमेरिकन फुटबॉलसाठी झाले आणि विमानात बसून गृहपाठ करण्याची वेळ सॉकर खेळणाऱ्या मुलींवर आली.

‘फुल स्कॉलरशिप’ खरंच मिळते का?

काहींना मिळते. सगळ्यांना मिळते हा गैरसमज आहे. जून २०२५ पर्यंत डिव्हिजन १ च्या एका संघाला जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप देता येत होत्या आणि संघात तर पंचवीस-तीस मुली. मग प्रशिक्षक त्या १४ चे तुकडे करून वाटायचे: कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला फक्त पुस्तकांचा खर्च. खासगी विद्यापीठात राहण्या-जेवण्यासह वर्षाला ८० हजार डॉलरपेक्षा जास्त खर्च येतो. तिथे ‘पाव स्कॉलरशिप’ मिळाल्यावर उरलेलं ओझं किती, ते तुम्हीच मोजा.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी, कॉलेज खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि व्यवस्था बदलली. ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांवर आता स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती संघातल्या खेळाडूंवर. मुलींच्या सॉकरसाठी ती २८. म्हणजे मनात आणलं तर विद्यापीठ अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलींना पूर्ण स्कॉलरशिप देऊ शकतं. ‘देऊ शकतं’ हे शब्द नीट वाचा. पैसा असेल आणि इच्छा असेल तरच. ज्यांनी तडजोड स्वीकारली नाही त्यांना जुनीच मर्यादा आहे.

याची दुसरी बाजू कडू आहे. पूर्वी काही संघांत पस्तीसेक मुली असायच्या. त्यातल्या शेवटच्या सात-आठ स्कॉलरशिपविना, केवळ संघात असण्यासाठी यायच्या. त्यांच्यासाठी दार आता जवळपास बंद झालं आहे. त्याच तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. २०२५-२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जातो. मुलींच्या सॉकरपर्यंत येताना हाती फारसं उरत नाही, आणि टायटल नाइनच्या देशात हे कितपत योग्य, यावर वाद चालू आहे. माझ्या मते तो व्हायलाच हवा.

१ जुलै २०२१ पासून मुलींना स्वतःच्या नावावर जाहिराती आणि प्रायोजक घेता येतात. सॉकरमध्ये हे पैसे बहुतेकींसाठी खिशाला हातभार लावण्यापुरतेच असतात.

प्रशिक्षक मुलींना कसे आणि कधी हेरतात?

शाळेच्या संघातून फारसं नाही, क्लबमधून. ईसीएनएल ही २००९ पासूनची लीग आणि २०२० मध्ये सुरू झालेली गर्ल्स अकादमी, या दोन मोठ्या. त्यांच्या ‘शोकेस’ स्पर्धांना मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून कॉलेजांचे प्रशिक्षक बसलेले असतात. या क्लबांची फी, प्रवास, हॉटेल धरून वर्षाला हजारो डॉलर जातात. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुली इथेच गळतात. अमेरिकेतल्या सॉकर व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो कॉलेजच्याही आधी सुरू होतो.

एकेकाळी आठवीतल्या मुली कुठल्या कॉलेजात जाणार हे तोंडी ठरवून टाकायच्या. आता डिव्हिजन १ चे प्रशिक्षक दहावीचं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपासून मुलीशी थेट बोलू शकतात, आणि विद्यापीठाच्या खर्चाने भेट १ ऑगस्टपासून देता येते. त्याआधी मुलीने स्वतः ईमेल आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ पाठवायला हरकत नाही. ईमेल मुलीनेच लिहावी. बाबांनी लिहिलेली ईमेल प्रशिक्षकाला पहिल्या ओळीत कळते.

भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: ‘माझ्या जागेवर खेळणाऱ्या किती जणी आहेत, आणि तुम्ही दुसऱ्या कॉलेजातून किती आणणार आहात?’ ‘ट्रान्सफर पोर्टल’ आल्यापासून खेळाडू एका विद्यापीठातून दुसरीकडे सहज जातात. अठरा वर्षांच्या नव्या मुलीची स्पर्धा आता बावीस वर्षांच्या, तीन सीझन खेळून आलेल्या मुलीशी असते. हीच सोय पुढे तिच्याही उपयोगी पडते. क्रोइ बेथ्यून सदर्न कॅलिफोर्नियाहून जॉर्जियाला गेली, तिथून वॉशिंग्टन स्पिरिट या व्यावसायिक क्लबकडे, आणि २०२४ मध्ये व्यावसायिक लीगची सर्वोत्तम नवोदित ठरली.

ड्राफ्ट बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं?

ही गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी गोष्ट आहे.

एनडब्ल्यूएसएल ही अमेरिकेतली महिलांची प्रमुख व्यावसायिक लीग २०१३ मध्ये सुरू झाली. आधीच्या दोन लीग (२००१ ते २००३ आणि २००९ ते २०११) पैशाअभावी बंद पडल्या होत्या. नव्या लीगने इतर अमेरिकन खेळांसारखीच ‘ड्राफ्ट’ची पद्धत ठेवली. कॉलेज संपवणाऱ्या मुलींची नावं यादीत, आणि क्लब एकेक करून निवडणार. आयपीएलच्या लिलावात खेळाडूला संघ निवडता येत नाही, तसंच. पण लिलावात निदान बोली वाढते. इथे बोलीही नव्हती. ज्या क्लबने नाव पुकारलं, त्याच्याशीच बोलणी. तो क्लब कुठल्या शहरात, प्रशिक्षक कोण, आपल्या जागेवर आधीच कोण खेळतं, यातल्या कशावरही मुलीचं काही चालत नसे. पुढे क्लबने तिला न विचारता दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं तरी तिला जावंच लागायचं. एका बाजूला युरोपातला क्लब तिच्याशी थेट करार करायला तयार असताना हे चालू होतं.

जानेवारी २०२४ मध्ये शेवटचा ड्राफ्ट झाला. १४ क्लब, चार फेऱ्या, ५६ नावं. नॉर्थ कॅरोलायनाची अ‍ॅली सेंटनर पहिली निवडली गेली, युटा रॉयल्सकडे. ऑगस्ट २०२४ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात २०३० पर्यंतचा नवा करार झाला आणि ड्राफ्ट कायमचा गेला. अमेरिकेतल्या मोठ्या लीगपैकी हे पाऊल उचलणारी ही पहिलीच. आता खेळाडूच्या संमतीशिवाय तिची अदलाबदलही करता येत नाही.

मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. बावीस वर्षांची, पदवी हातात असलेली मुलगी आपण कुठे नोकरी करायची हे स्वतः ठरवते, यात वावगं काय? पण फायदा सगळ्यांना सारखा नाही. पहिल्या वीसेक मुलींच्या मागे क्लब स्वतः येतात. चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाच्या मुलीला ड्राफ्टमध्ये निदान नाव पुकारलं जाण्याची आशा होती, शिबिराचं बोलावणं तरी मिळायचं. आज तिला एजंट, प्रशिक्षकाची ओळख आणि स्वतःचे व्हिडिओ यांच्या बळावर दारं ठोठवावी लागतात. ज्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचे क्लबांशी संबंध आहेत, तिथल्या मुलीला हे सोपं जातं. म्हणूनच कॉलेज निवडताना ‘तुमच्या कोणकोणत्या मुली पुढे खेळतात, आणि त्या तिथे कशा पोहोचल्या?’ हा प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे.

मग आता कॉलेजातून क्लबकडे जायचं कसं?

साधारण असं: शेवटचा सीझन डिसेंबरमध्ये संपतो. अनेक मुली अभ्यासाची गणितं अशी जुळवतात की पदवी डिसेंबरलाच हाती येते. क्लबचं शिबिर जानेवारीत, लीग मार्चमध्ये. काहींना आधीच करार मिळालेला असतो, तर काही कराराविना, चाचणीसाठी शिबिराला जातात आणि तिथे जागा मिळवतात. यूसीएलएची लिली रील अशा मुक्त निवडीच्या पहिल्याच वर्षी गॉथम एफसीकडे गेली आणि २०२५ ची सर्वोत्तम नवोदित ठरली.

मधल्या उन्हाळ्यांत यूएसएल डब्ल्यू लीग किंवा डब्ल्यूपीएसएलमध्ये खेळता येतं. तिथे कॉलेजची पात्रता शाबूत राहते आणि मोठ्यांबरोबर खेळायला मिळतं. २०२४ पासून यूएसएल सुपर लीग ही दुसरी व्यावसायिक लीगही आहे. ती ऑगस्टपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते, युरोपासारखी. पहिलं विजेतेपद टँपा बे सनने मिळवलं. एनडब्ल्यूएसएलमध्ये जागा न मिळालेल्या मुलीला पूर्वी थेट परदेश गाठावा लागायचा. आता घराजवळ आणखी एक पर्याय आहे.

एजंटच्या बाबतीत जपून. जाहिरातींसाठी प्रतिनिधी नेमणं आणि व्यावसायिक करारासाठी एजंट नेमणं या एनसीएएच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी केल्यास पात्रता जाऊ शकते. सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या नियम-विभागाला विचारा.

कॉलेज टाळून थेट व्यावसायिक होता येतं का?

हो, आणि हे प्रमाण वाढतं आहे. लिंडसे होरान २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची जागा सोडून अठराव्या वर्षी पॅरिसच्या क्लबकडे गेली. मॅलरी प्यू, आताची मॅलरी स्वॉन्सन, २०१७ मध्ये अधिकृत सामना न खेळताच यूसीएलएतून बाहेर पडली. पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल तिचा. ट्रिनिटी रॉडमनचा वॉशिंग्टन स्टेटमधला सीझन कोविडने गिळला आणि २०२१ मध्ये ती थेट स्पिरिटकडे आली. ऑलिव्हिया मोल्ट्रीने पंधराव्या वर्षी लीगच्या वयाच्या अटीलाच न्यायालयात आव्हान दिलं, कोर्टाने तिच्या बाजूने आदेश दिला आणि पुढे लीगला अठराखालच्या मुलींसाठी रीतसर नियम करावा लागला. अलिसा थॉम्पसन शाळेत असतानाच २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली. २०२५ मध्ये ती चेल्सीला गेली.

पण यांच्याकडे पाहून घरात निर्णय घेऊ नका. या मुली सोळाव्या-सतराव्या वर्षी राष्ट्रीय संघाच्या उंबरठ्यावर होत्या. तुमच्या मुलीसाठी थेट करार योग्य असेल, तर ते तुम्हाला विचारावं लागणार नाही. क्लब स्वतः तुमच्या दाराशी येतील.

उलट उदाहरणही ठेवा. नाओमी गिर्मा स्टॅनफर्डची. २०१९ मध्ये तिच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, २०२२ मध्ये ती ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी १० लाख डॉलरहून अधिक मोजले. महिला फुटबॉलमध्ये हा आकडा ओलांडणारी ती पहिली. कॉलेजची वर्षं तिच्या आड आली नाहीत.

पैसे किती मिळतात?

२०१३ मध्ये एनडब्ल्यूएसएलचा किमान पगार सीझनला ६,००० डॉलर होता. मुली स्थानिक कुटुंबांकडे राहायच्या, जोडीला नोकरी करायच्या. २०२५ मध्ये किमान पगार ४८,५०० डॉलर झाला आणि २०३० पर्यंत तो ८२,५०० पर्यंत जाणार आहे. यामागे २०२३ मध्ये झालेला २४ कोटी डॉलरचा, चार वर्षांचा प्रक्षेपण करार आहे. तरी स्टॅनफर्डहून संगणकशास्त्र शिकून निघालेली मुलगी पहिल्या नोकरीत याहून कितीतरी जास्त कमावते. हा पगार जगण्यापुरता आहे, श्रीमंतीचा नाही.

किती जणींना जमतं?

अमेरिकेत शाळेच्या संघांतून पावणेचार लाखांच्या आसपास मुली खेळतात. एनसीएएच्या तिन्ही श्रेणी मिळून तीस हजारांच्या आसपास. एनडब्ल्यूएसएलमध्ये २०२६ पासून १६ क्लब, प्रत्येकात जास्तीत जास्त पंचवीस-सव्वीस खेळाडू, म्हणजे जेमतेम चारशे जागा. त्यात परदेशी खेळाडूही आल्या आणि दहा-दहा वर्षं खेळणाऱ्याही. दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा काही डझन.

हे मी घाबरवायला सांगत नाही. कॉलेज सॉकर खेळणाऱ्या बहुतेक मुली व्यावसायिक होणार नाहीत, आणि तरीही ती चार वर्षं त्यांना खूप देऊन जातात. म्हणून पालकांना माझा एकच आग्रह आहे: उद्या गुडघा गेला, तरी त्या विद्यापीठात, त्या विषयात मुलगी आनंदाने राहील का? उत्तर ‘नाही’ असेल, तर संघ कितीही मोठा असो, ते कॉलेज तिचं नव्हे.

गुडघ्याच्या दुखापतीची इतकी भीती का?

एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध मुलींमध्ये मुलांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात फाटतो. शस्त्रक्रियेनंतर परतायला नऊ महिने ते वर्ष. स्टॅनफर्डची कॅटरिना मकारियो, लागोपाठ दोनदा कॉलेजची सर्वोत्तम खेळाडू, फ्रान्सच्या ल्यों क्लबकडून युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकल्यानंतर याच दुखापतीने दीर्घकाळ बाहेर बसली आणि २०२३ च्या विश्वचषकाला तिला मुकावं लागलं. योग्य सराव-व्यायामांनी धोका कमी होतो हे सिद्ध आहे. तुमच्या मुलीच्या क्लबमध्ये ते होतात का, ते विचारा.

मानसिक ताणाबद्दल कुणी बोलतं का?

आता बोलतात, आणि त्याची मोठी किंमत मोजून झाली आहे. स्टॅनफर्डला २०१९ चं विजेतेपद पेनल्टींवर मिळवून देणारी गोलरक्षक केटी मायर हिने मार्च २०२२ मध्ये, अजून विद्यार्थिनी असतानाच, आपलं आयुष्य संपवलं. गिर्मा तिची जिवलग मैत्रीण. २०२३ चा विश्वचषक तिने केटीच्या नावे खेळला आणि मानसिक आरोग्याबद्दल उघडपणे बोलली. अभ्यास, संघातली जागा, घरच्यांच्या अपेक्षा असा तिहेरी भार या मुलींवर असतो. आपल्या मराठी घरांत ‘सगळं ठीक आहे ना?’ असं फोनवर विचारलं जातं आणि ‘हो’ म्हटलं की विषय संपतो. तिथे थांबू नका. संघासाठी समुपदेशक आहे का, प्रशिक्षकाला न कळता त्याच्याकडे जाता येतं का, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

लीगमधल्या गैरवर्तनाच्या बातम्या वाचल्या. मुली सुरक्षित आहेत का?

बातम्या खऱ्या आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये, अमेरिकेच्या सॉकर महासंघाने नेमलेल्या वकील सॅली येट्स यांचा चौकशी अहवाल आला. प्रशिक्षकांकडून शाब्दिक, मानसिक आणि लैंगिक छळ व्यवस्थेत खोलवर रुजला होता, आणि त्याची मुळं मुलींच्या लहानपणच्या क्लबांपर्यंत जातात, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. खेळाडू स्वतः पुढे आल्या म्हणून हे बाहेर आलं. त्यानंतर प्रशिक्षकांवर बंदी आली, काही क्लबांचे मालक बदलले. २०२४ च्या करारात खेळाडूंना जे हक्क मिळाले, त्यामागे ही लढाईही आहे. मुलीला अपमान करून ‘कणखर’ बनवणारा प्रशिक्षक बारा वर्षांच्या गटात भेटला, तर तिथेच क्लब बदला.

महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून थेट जाता येईल का?

येईल, पण तयारी नववीपासून हवी. एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी करावी लागते. नववी ते बारावीच्या गुणपत्रिका आणि ठरावीक मुख्य विषय ते तपासतात. तुमच्या बोर्डाचे कुठले विषय धरले जातात ते आधी पाहा. हौशी खेळाडू असल्याची अट असते. त्यामुळे इंडियन विमेन्स लीगमधल्या क्लबशी पैशाचा करार करण्यापूर्वी शंभरदा विचार करा. बारावीनंतर वर्षानुवर्षं स्पर्धा खेळत राहिल्यास कॉलेजमधले सीझन कमी होऊ शकतात. आणि विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलीने अमेरिकेत राहून जाहिरातींचे पैसे घेणं व्हिसाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. सहकारी मैत्रिणी घेतात म्हणून तिने घेऊ नयेत.

भारतीय खेळाडूंनी परदेशी विद्यापीठांची वाट धरलेली आहे. राष्ट्रीय संघाची बचावपटू दलिमा छिब्बर कॅनडात मॅनिटोबा विद्यापीठाकडून खेळली. गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडमध्ये लफबराला शिकली आणि वेस्ट हॅमकडून खेळली. पातळीतलं अंतर मात्र मान्य करायला हवं. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भुवनेश्वरला अमेरिकेने आपल्या मुलींना ८-० हरवलं. त्या अमेरिकी संघात मिया भूता ही भारतीय वंशाची मुलगी होती. हाच संघ पुढे नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर नायजेरियाकडून पेनल्टींवर हरला.

मुलीला हे प्रत्यक्ष दाखवायचं तर कुठे न्यावं?

न्यू जर्सीत राहत असाल तर गॉथमचे सामने हॅरिसनला होतात. एडिसनहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. पण त्याहीआधी सप्टेंबरमधल्या एखाद्या गुरुवारी संध्याकाळी जवळच्या विद्यापीठाचा सामना पाहा. रटगर्स आहे, प्रिन्स्टन आहे. तिकीट स्वस्त, कधी फुकटही. अर्धा तास आधी पोहोचा आणि मुलीला सराव बघू द्या. सामना संपल्यावर खेळाडू बहुतेकदा कठड्यापाशी येऊन लहान मुलींशी बोलतात. तिला काय विचारायचंय ते तिलाच विचारू द्या.